संगणकाला धडे देणाऱ्या ग्रेस हॉपर

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर काम करणारा एखादा ‘एजंट’ संगणकावर बसवावयाचा म्हटले की काळ्या पडद्यावर आज्ञांची एक लांबलचक माळ टंकित करावी लागते. लागणारे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावयाचे, त्याच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात की नाही ते पाहावयाचे, सेवेची गुप्त किल्ली ठरलेल्या जागी ठेवावयाची, एजंटाला कोणत्या फायलींना हात लावू द्यावयाचा याची मर्यादा आखावयाची आणि शेवटी सारे नीट चालते की नाही हे तपासावयाचे. एक अक्षर चुकले तरी घोडे अडते. हेच काम पन्नास संगणकांवर करण्याची वेळ आली तर कुठे ना कुठे हात चुकतोच. म्हणून जाणती मंडळी या आज्ञा एकदाच, क्रमाने, एका फायलीत लिहून ठेवतात. तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. पुढचे सारे यंत्रच करते.

माणसाने एकदा विचारपूर्वक लिहावे, पारखून घ्यावे आणि पुन:पुन्हा करण्याचे कष्ट यंत्रावर सोपवावेत ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की एके काळी ती वेडगळपणाची मानली जात होती, यावर विश्वास बसणे कठीण. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एका गणितज्ञ महिलेने ही रीत आग्रहाने मांडली, तेव्हा यंत्रे फक्त आकडेमोड करतात, ती स्वत:साठी आज्ञावली तयार करू शकत नाहीत, असे तिला जाणकारांकडूनच ऐकावे लागले. ही महिला म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती. परंतु त्या काळच्या रीतीमुळे तिला ते फार पुढे शिकता आले नव्हते. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल होते आणि त्यांची छाप लहानग्या ग्रेसच्या मनावर पक्की उमटली होती. वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहण्यासाठी तिने घरातले एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता सात घड्याळे सुटी झाली. आईने रागावून सारी यंत्रे काढून घेतली नाहीत. यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचे, एवढीच अट घातली. मुलींनीही मुलांइतकेच शिकावे असे वडिलांचे मत होते. पायांच्या आजारपणाने ते स्वत: अपंग झाल्यावर तर, मुलींना आपल्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह अधिकच वाढला.

लॅटिन भाषेत गुण कमी पडल्याने वासर महाविद्यालयाने पहिल्या वर्षी ग्रेस यांना प्रवेश नाकारला. पुढच्या वर्षी तो मिळाला आणि १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. पदवी आणि त्याच वर्षी व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी विवाह, १९३१ पासून वासरमध्येच अध्यापन आणि १९३४ मध्ये येलची गणितातील डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. पुढे वेगवेगळ्या पदांवर काम करूनही त्यांची मूळ वृत्ती शिक्षिकेची राहिली. किचकट गोष्ट समोरच्याच्या भाषेत सांगता आली पाहिजे आणि ती सांगता येत नसेल तर दोष सांगणाऱ्याचा, हे त्यांनी वर्गातच मनाशी ठरविले होते.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपर यांना नौदलात जावयाचे होते. पण वय भरतीच्या मर्यादेपलीकडे गेले होते आणि वजन किमान मर्यादेहून १५ पौंडांनी कमी भरत होते. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला महाविद्यालयातच अधिक उपयोगी, असा सरकारी विचार होता. तरीही त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाची सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांची नेमणूक मात्र जहाजावर झाली नाही. जुलै १९४४ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली रुजू झाल्या.

तेथे ‘मार्क-१’ हे अजस्र गणनयंत्र उभे होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. आत हजारो चाके, रिले आणि शेकडो मैल लांबीची तार. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग. भागाकाराला पंधरा सेकंदांहून अधिक काळ लागे. यंत्राने काय करावयाचे हे कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून सांगितले जाई. एखादी कृती पुन:पुन्हा करवून घ्यावयाची असेल तर पट्टीची दोन टोके चिकटवून तिचे कडे करीत. रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक हे दोघे तरुण अधिकारी आधीपासून तेथे होते. त्यांच्यासह हॉपर या यंत्राच्या आद्य आज्ञावलीकारांपैकी एक झाल्या. तोफांच्या माऱ्याची कोष्टके, सुरुंगांसंबंधीची गणिते अशी युद्धाची कामे दिवसरात्र चालत. यंत्राची साद्यंत माहिती लिहून काढण्याचे काम एकेन यांनी हॉपर यांच्यावर टाकले आणि १९४६ मध्ये ५६१ पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हॉपर यांच्या पुढील कार्याचे बीज या हार्वर्डच्या दालनातच सापडते. ज्या गणिती कृती वारंवार लागत, त्यांच्या तपासून घेतलेल्या आज्ञा ही मंडळी वह्यांत उतरवून ठेवीत. एकाला हवी असलेली कृती दुसऱ्याच्या वहीत सापडली की ती नकलून घ्यावयाची आणि आपल्या आज्ञावलीत बसवावयाची. सोय मोठी होती. पण नक्कल करणारा माणूस होता. इंग्रजी ‘बी’ आणि १३ हा आकडा यांत गफलत होई, ४चे भलतेच चिन्ह होऊन बसे. शिवाय प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकाच्या ओळीपासून लिहिलेला असल्याने नव्या जागी बसविताना त्यातला प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलावा लागे. गणितात पारंगत माणसांच्याही या साध्या बेरजा चुकत. मूळ कृती निर्दोष, नक्कल सदोष, आणि चूक शोधण्यात दिवस वाया, हा अनुभव हॉपर यांच्या मनात घर करून राहिला.

त्यांच्या नावाशी जोडली गेलेली पतंगाची गोष्टही याच काळातली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क-२’ या पुढच्या यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकून पडलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकविण्यात आला आणि ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पतंग स्वत: हॉपर यांना सापडला नव्हता आणि यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धतही त्याआधीची, एडिसनच्या काळापासूनची. हॉपर यांनी ही हकिगत व्याख्यानांतून रंगवून सांगितली आणि ती सर्वतोमुखी झाली, एवढेच.

युद्ध संपले, पण त्यांची ओढाताण संपली नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलाच्या नियमित सेवेत जाण्याचा अर्ज वयाच्या कारणाने फेटाळला गेला. हार्वर्डमध्ये कायम होण्याची आशा नव्हती. युद्धकाळातील ताणाने मद्याची सवय जडली होती आणि १९४९ मध्ये एकदा पोलिसांनी त्यांना ताब्यातही घेतले. मित्रांच्या आधाराने त्या सावरल्या. त्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत नोकरी धरली. भांडवल तुटपुंजे, भवितव्य अनिश्चित; पण तेथे ‘युनिव्हॅक’ हा इलेक्ट्रॉनिक संगणक घडत होता. पुढे ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

कंपनीच्या बायनॅक या संगणकासाठी हॉपर अष्टमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी आठच्या पाढ्याने, हिशेब करावयास शिकल्या. त्याचा परिणाम असा झाला की त्यांचे बँकेचे खाते जुळेना. अखेर बँकेत काम करणाऱ्या भावाने चूक शोधली : त्या अधूनमधून अष्टमानात वजाबाकी करीत होत्या. ही गंमत त्या नंतर हसत सांगत. परंतु त्यातला अर्थ त्यांनी गांभीर्याने घेतला. माणसाने यंत्रासारखा विचार करावयास शिकण्यापेक्षा यंत्रानेच माणसाच्या जवळ यावयास हवे, हा तो अर्थ.

बेटी होल्बर्टन या सहकारी महिलेने त्याच सुमारास एक विलक्षण आज्ञावली लिहिली होती. माहितीचे वर्णन दिले की ती क्रम लावण्याची वेगळी आज्ञावली स्वत:च तयार करी. आज्ञावलीने आज्ञावली लिहिण्याचे हे उदाहरण हॉपर यांच्यापुढे होते आणि त्याचे श्रेय त्यांनी होल्बर्टन यांना नेहमी दिले. १९५१-५२ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. वहीतल्या तपासलेल्या कृती त्यांनी चुंबकीय फितीवर एका ग्रंथालयासारख्या साठविल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. वापरणाऱ्याने कोणत्या क्रमांकाची कृती, कोणत्या आकड्यांवर, कोणत्या क्रमाने करावयाची एवढेच लिहावयाचे. कृती शोधणे, तिची नक्कल करणे, पत्ते बदलणे, सारे तुकडे सांधून नवी फीत तयार करणे हे काम संगणकाचे. ग्रंथालयातून वेचे गोळा करून संकलन करावे तसे हे काम, म्हणून त्याला ‘कम्पायलर’ असे नाव मिळाले. या पहिल्या संकलकाचे नाव होते ‘ए-०’.

त्यात एक अडचण होती. संगणक आज्ञा एकामागून एक वाचीत जाई. मागे होऊन गेलेल्या ओळीकडे परत जावयाचे असेल तर तिचा पत्ता ठाऊक असे. पण अजून न आलेल्या ओळीकडे उडी मारावयाची असेल तर पत्ता आणावयाचा कोठून? हॉपर यांना महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. चेंडू घेऊन फार पळता येत नसे. म्हणून तो सहकारी खेळाडूकडे फेकावयाचा, पुढे धावावयाचे आणि मग परत घ्यावयाचा. त्यांनी स्मरणाच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात मारावयाची आणि खरी जागा सापडली की कोपऱ्यातून तेथे धाडावयाचे. खेळाच्या मैदानावरची युक्ती संगणकाच्या उपयोगी पडली.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी आपला निबंध वाचला. त्याचे शीर्षक संगणकाच्या शिक्षणाविषयीचे होते. शिक्षिकेची वृत्ती तेथेही लपली नाही. प्रतिसाद थंड होता. आज्ञावली लिहिणे ही मोजक्या तज्ज्ञांची गुप्त विद्या होती आणि ती यंत्राच्या हाती गेली तर आपले महत्त्व राहील काय, ही धास्ती अनेकांना होती. दुसरा आक्षेप अधिक रास्त होता : यंत्राने जुळविलेली आज्ञावली माणसाने घोटून लिहिलेल्या आज्ञावलीहून संथ चाले आणि संगणकाचा वेळ तेव्हा फार महाग होता. हॉपर यांनी या आक्षेपाला हिशेबाने उत्तर दिले. यंत्राचा वेळ थोडा जास्त लागेल; पण माणसाचे कित्येक दिवस वाचतील आणि चुका घटतील. ‘ए-२’ ही सुधारित आवृत्ती ग्राहकांना तिच्या अंतरंगासह देण्यात आली आणि त्यांनी केलेल्या सुधारणाही परत मागविण्यात आल्या. आजच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची ही एक पूर्वखूण मानली जाते. या क्षेत्रात त्या एकट्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये ॲलिक ग्लेनी यांचे प्रयत्न त्याच वर्षी चालू होते आणि १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाची ‘फोरट्रॅन’ भाषा वैज्ञानिकांच्या हाती आली.

फोरट्रॅन सूत्रांची भाषा होती. हॉपर यांच्या डोळ्यांपुढे सूत्रांना बिचकणारे लोक होते : हिशेबनीस, भांडारपाल, पगारपत्रके करणारे कारकून. त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा द्याव्यात, असा प्रस्ताव त्यांनी १९५५ मध्ये वरिष्ठांपुढे ठेवला. कल्पना पटावी म्हणून त्याच आज्ञा त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविल्या. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही सारख्याच, हे त्यांना सांगावयाचे होते. परिणाम उलटा झाला. अमेरिकेत बनलेला संगणक परकी भाषा बोलतो, हे पाहून वरिष्ठ गडबडले आणि फक्त इंग्रजीचेच आश्वासन द्यावे लागले. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा साकारली.

प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा आणि भाषाही वेगळी, असा तेव्हा खाक्या होता. एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर चालत नसे. मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये सुमारे ४० जण जमले आणि व्यवहारासाठी एक सामाईक भाषा घडविण्याचे ठरले. तीच ‘कोबॉल’. तिची प्रत्यक्ष रचना जीन सॅमेट आदी मंडळींच्या समितीने केली. हॉपर त्या समितीत नव्हत्या. त्या सल्लागार होत्या. मात्र नव्या भाषेचा सांगाडा बराचसा फ्लो-मॅटिकवरून घेतला होता. काम इतके रेंगाळले की समितीतील एका सदस्याने कोबॉल हे नाव कोरलेली थडग्याची शिळाच पेंटॅगॉनला धाडून दिली. ती शिळा तशीच राहिली आणि भाषा जगली. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर एकच कोबॉल आज्ञावली किरकोळ फेरफारांनी चालवून दाखविण्यात आली. यंत्र बदलले तरी लिहिलेले वाया जाणार नाही, ही हमी त्या दिवशी मिळाली.

१९६६च्या अखेरीस नौदलाने हॉपर यांना वयोमानानुसार निवृत्त केले. सात महिन्यांत त्यांना परत बोलवावे लागले. कोबॉलच्या नाना बोली झाल्या होत्या आणि नौदलाच्या यंत्रांचा मेळ बसत नव्हता. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून आलेल्या हॉपर १९ वर्षे राहिल्या. या काळात त्यांच्या गटाने केलेले एक काम फारसे गाजले नाही, परंतु ते मोलाचे होते. एखादी कंपनी आपला संकलक प्रमाण कोबॉल समजतो असे सांगत असेल, तर ते खरे की खोटे हे ठरविणाऱ्या चाचणी-आज्ञावल्या त्यांनी तयार करविल्या. यंत्रावर काम सोपवावे, पण त्याच्या शब्दावर विसंबू नये, ही शिस्त त्यातून सरकारी खरेदीत रुजली.

या वयात त्या देशभर व्याख्याने देत हिंडत. प्रकाश किंवा वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त जेवढे अंतर कापू शकेल तेवढा, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा, तारेचा तुकडा त्या श्रोत्यांच्या हाती देत. उपग्रहाचा संदेश यावयास वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या ॲडमिरलांनाही तोच तुकडा मिळे. एका बैलाला ओंडका ओढवेना तर शेतकरी मोठा बैल शोधीत नाही, दुसरा जुंपतो, या दाखल्याने त्या एका महाकाय संगणकाऐवजी अनेक लहान संगणक जोडण्याचा पुरस्कार करीत. नेहमीच असे करतो म्हणून आजही तसेच करावयाचे, या वृत्तीची त्यांना चीड होती. कार्यालयातील त्यांचे घड्याळ मुद्दाम उलटे फिरे आणि तरीही वेळ अचूक दाखवी.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक युद्धनौकेवर ७९ वर्षांच्या रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या, तेव्हा त्या नौदलातील वयाने सर्वांत मोठ्या कार्यरत अधिकारी होत्या. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले.

कोबॉलवर टीका पुष्कळ झाली. ती शब्दबंबाळ आहे, असे संगणकशास्त्रज्ञ म्हणत. स्मरणाची काटकसर म्हणून वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या प्रथेने २००० साल उजाडण्यापूर्वी जगाची झोप उडविली, तेव्हा कोबॉलमध्ये लिहिलेल्या असंख्य ओळी तपासाव्या लागल्या. ‘वायटूके’च्या त्या कामाने भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला मोठा हात दिला. मुंबई-पुण्यातील अनेक मराठी अभियंत्यांनी परदेशातील बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या या जुन्या ओळी रात्री जागून वाचल्या. आपल्याआधी कोणी तरी केव्हा तरी लिहिलेले, कामाला लावलेले आणि नंतर कोणीच न उघडलेले असे ते लिखाण होते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना आवाहन करावे लागले. यंत्राला एकदा शिकविलेले फार काळ टिकते. शिकविणाऱ्यांची पिढी मात्र निघून जाते.

एनव्हिडिया कंपनीने २०२१ मध्ये आपल्या एका प्रक्रियकाला ‘ग्रेस’ आणि २०२२ मध्ये चिपच्या नव्या रचनेला ‘हॉपर’ असे नाव दिले. बोलक्या बुद्धिमत्तेची अनेक प्रारूपे या ‘हॉपर’ चिपांवरच घडविली गेली. त्या प्रारूपांवर चालणारा एजंट आता माणसाच्या साध्या वाक्यावरून स्वत:च आज्ञा लिहितो आणि चालवितोही. तो बसविणारी स्क्रिप्ट म्हणजे ‘ए-०’चीच दूरची नात : तपासलेले तुकडे, ठरलेला क्रम आणि नक्कल करताना चुकणाऱ्या हाताला सुट्टी. मात्र ‘ए-०’ जे तुकडे जोडी ते आधी माणसांनी पारखलेले असत. कोठून तरी उचललेली, न वाचलेली स्क्रिप्ट संगणकाचे सारे अधिकार देऊन चालविली तर चूकही तितक्याच निमूटपणे पन्नास यंत्रांवर पोहोचते. म्हणून स्क्रिप्टमधील प्रत्येक ओळ एकदा वाचून घ्यावी, पायरी चुकली तर तिने तेथेच थांबावे, गुप्त किल्ली तिच्यात लिहून ठेवू नये आणि शेवटी चाचणी घ्यावी, असे सांगितले जाते. ग्रेस हॉपर यांनी संकलक लिहिला आणि त्यानंतर संकलकांची परीक्षा घेणाऱ्या आज्ञावल्याही करवून घेतल्या. यातले पहिले काम जगाने उचलून धरले. दुसऱ्या कामाची गरज, यंत्रे आपल्या वतीने आज्ञा देऊ लागल्यानंतर, पूर्वीहून कितीतरी अधिक आहे.